झाकणाखालचे आकडे

सई आणि अर्णव,

मागच्या शनिवारी व्हिडिओ कॉल चालू असताना मी फोन पार्किंगच्या कठड्याला टेकवून ठेवला, एक लोखंडी झाकण उचललं आणि त्याखाली बादलीभर पाणी ओतलं. तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तिथे झाड आहे का?" मी नाही म्हटलं. "मग पाणी कशाला?" तेवढ्यात मागून तुमचे बाबा म्हणाले, "आईचं काहीतरी असतं," आणि विषय संपला.

विषय संपलेला नाही. तो ज्यांनी समजावून सांगायला हवा ते आता सांगू शकत नाहीत, म्हणून मी लिहून ठेवते आहे. इंग्रजीत लिहिणं मला सोपं गेलं असतं. तीस वर्षं मी कंपनीच्या ऑफिसात इंग्रजी पत्रंच लिहिली. पण त्यांचं बोलणं इंग्रजीत नेलं की ते फार शहाणे वाटू लागतात. प्रत्यक्षात ते शहाणे वाटत नसत, अडेल वाटत. तुमच्या आईकडून हे वाचून घ्या आणि तिला घाई करू देऊ नका.

ते वायरमन होते. दापोडीला रेल्वेलाइनच्या बाजूच्या गल्लीत राहत. त्यांचं नाव मी लिहीत नाही, कारण आपलं नाव कागदावर आलेलं त्यांना फारसं आवडत नसे. एका कागदावर ते आणायला मला पाच महिने लागले.

त्यांचा चेहरा आठवण्याआधी मला त्यांचा हात आठवतो. धातूच्या कोणत्याही वस्तूला ते आधी उलट्या हाताने शिवत. बोटांच्या मागच्या बाजूने, अगदी हलकं, तवा तापला का बघावं तसं. सोसायटीचं गेट, लिफ्टचं दार, माझा फ्रीज. एकदा मी चहाचा स्टीलचा पेला पुढे केला, तर त्यालाही.

मी कारण विचारलं.

"सरळ हातानं धरलं आणि करंट असला, तर मूठ आवळती मॅडम. सुटत नाही. उलटा हात झटक्यानं मागं येतो."

"चहात करंट असतो का?"

"सवय आहे," ते म्हणाले आणि पेला घेतला.

तुम्ही हे करू नका. पुढे त्यांच्या मुलीचं यावरचं मत येईल, ते ऐका.

आता गाडी. माझ्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं थांबलं. तुमचे आजोबा गेल्यापासून बँक, दवाखाना, भाजी, चिंचवडचं वाचनालय, सगळीकडे मीच गाडी नेत होते. रिक्षाने जाता येतं, हे मला बऱ्याच लोकांनी सांगितलं. मी एक छोटी विजेवरची गाडी घेतली. तिला क्लच नाही, गिअर नाही, डाव्या पायाला काही काम नाही.

तुमच्या बाबांनी एकच अट घातली. एक्सप्रेसवेजवळच्या चार्जिंग स्टेशनवर आई तास-तास एकटी बसते हे त्यांना पसंत नव्हतं. दिवाळीपर्यंत घरच्या पार्किंगमध्ये चार्जर बसला तर ठीक. नाही बसला, तर गाडी विकायची, फ्लॅट भाड्याने द्यायचा आणि मी तुमच्याकडे यायचं. तुमच्याकडची खोली मी पाहिली आहे. खोली चांगली आहे. पण तिथे मला कुठेही जायचं असलं की कोणाला तरी विचारावं लागतं. तुम्ही हे वाचून वाईट वाटून घेऊ नका. तुम्हालाही तसंच वाटतं, फक्त तुम्ही अजून लहान आहात.

तेव्हा जून चालू होता. दिवाळी लांब होती.

चार्जर एका खोक्यात आला. तो बसवायला कंपनीचे दोन तंत्रज्ञ आले. त्यांनी तो भिंतीवर लावला, मीटर रूममधून केबल आणली, बटण दाबलं. चार्जरवर लाल दिवा लागला. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा लाल. एकाने मान खाजवली.

"आजी, बिल्डिंगचं अर्थिंग मिळत नाहीये. काही नाही, न्यूट्रलमधून एक वायर फिरवून देतो. मशीनला वाटेल अर्थिंग आहे. दोन मिनिटांचं काम."

"असं चालतं?"

"सगळीकडे असंच चालतंय आजी."

मी हो म्हणणार होते. आमचा वॉचमन बाजूला उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, एकदा दापोडीच्या दादांना दाखवा. पूर्वी कारखान्यात होते, लायसनवाले. थोडे तिरसट आहेत." तंत्रज्ञांनाही ते बरं वाटलं असावं, कारण वीजजोडणीच्या रिपोर्टवर लायसनवाल्याचीच सही लागणार होती. ते लाल दिवा तसाच ठेवून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दापोडीचे दादा स्कूटरवर आले. साठीला टेकलेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला टेस्टर आणि पेन. टेस्टर असूनही उलटा हात. मी त्यांना भिंतीवरचा नवा चार्जर दाखवायला लागले.

"भिंत राहू द्या," ते म्हणाले. "आधी जमीन दाखवा."

हे वाक्य मी पुढच्या तीन वर्षांत इतक्यांदा ऐकलं की त्यांचा फोन आला तरी मला तेच ऐकू येई.

जमीन म्हणजे काय ते तुम्हाला सांगते. इमारतीतल्या यंत्रांमधून वीज चुकून बाहेर फुटली, तर तिला जमिनीत उतरायला वाट लागते. त्यासाठी इमारतीच्या कडेला खोल खड्डे करून त्यात नळी पुरतात आणि मीटर रूमपासून तिथपर्यंत लोखंडी पट्टी नेतात. हे अर्थिंग. ही वाट नसली, तर वीज दुसरी वाट शोधते. दुसरी वाट म्हणजे त्या वेळी ज्याचा हात लागेल तो.

नकाशात आमच्या रावेतच्या इमारतीला चार खड्डे होते. जमिनीवर एकही दिसत नव्हता. ते दोन तास मान खाली घालून इमारतीभोवती फिरले. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून विचारत होता, "काका, काय हरवलंय?"

"तुमची बिल्डिंग जमिनीला कुठं लागलीय ते बघतोय," ते प्रत्येकाला तितक्याच शांतपणे सांगत. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही.

मग त्यांनी स्कूटरच्या डिकीतून एक काळी पेटी काढली. ते कामाला होते तो कारखाना बंद झाला तेव्हा तिथल्या भंगारातून त्यांनी ती रीतसर विकत घेतली होती. हँडल फिरवलं की तिच्यावरचा काटा हलतो आणि जमिनीपर्यंतची वाट किती चांगली आहे ते आकड्यात सांगतो. आकडा जितका लहान, तितकी वाट चांगली; पाचाच्या आत असला की भागतं. मीटर रूममध्ये त्यांनी हँडल फिरवलं. काटा दुसऱ्या टोकाला जाऊन आपटला आणि तिथेच बसला.

"किती?" मी विचारलं.

"आकडा संपला मॅडम. वर्षभरापूर्वी हे सिमेंटचे ब्लॉक बसवले ना तुम्ही पार्किंगमध्ये? तेव्हा कोणीतरी पट्टी कापली. खड्डे पण बुजवले. ही आख्खी बिल्डिंग हवेत उभी आहे."

"मग सही?"

"नाही."

मी म्हटलं, न्यूट्रलची वायर फिरवली तर चार्जर चालेल असं कंपनीवाले म्हणत होते.

"चालेल की. मशीनला फसवता येतं. मशीनचं काय जातंय?"

मी म्हटलं, मग माझ्यापुरता वेगळा खड्डा करा. ते म्हणाले, खड्डा सोसायटीच्याच जमिनीत होणार, परवानगी आणा. नकाशाप्रमाणे सगळ्यात जवळचा जुना खड्डा पार्किंगमध्येच होता, नेमका सेक्रेटरींची गाडी उभी राहते त्या जागेखाली.

मी सेक्रेटरींना पत्र लिहिलं. इंग्रजीत, सात मुद्दे, प्रत्येकाला क्रमांक, सोबत नकाशाची प्रत. उत्तर आलं नाही. मी स्मरणपत्र लिहिलं. त्यावर सेक्रेटरी लिफ्टमध्ये भेटले तेव्हा म्हणाले, "काकू, तुमचं इंग्लिश फार सुंदर आहे." ब्लॉक नवीन आहेत, ते आत्ताच उखडले तर लोक ओरडतील, दिवाळीनंतर सभेत घेऊ, असं त्यांचं म्हणणं होतं. माणूस वाईट नव्हता. त्यांच्या मजल्यावरचा बंद पडलेला दिवा त्यांनी स्वतः स्टुलावर चढून बदललेला मी पाहिला आहे.

ऑगस्टमध्ये आमच्या वायरमननी कमिटीसमोर पाच मिनिटं मागितली. क्लब हाउसमध्ये सगळे खुर्च्यांवर बसले. त्यांनी एक साधा पिवळा बल्ब होल्डरमध्ये लावून आणला होता, त्याला दोन वायरी. एक वायर त्यांनी सॉकेटच्या करंटच्या भोकात घातली, दुसरी अर्थिंगच्या.

"अर्थिंग चांगलं असेल तर हा पेटला पाहिजे," ते म्हणाले.

बल्ब पेटला नाही.

"बल्ब गेला असेल," खजिनदार म्हणाले.

त्यांनी दुसरी वायर तिसऱ्या भोकात, न्यूट्रलमध्ये घातली. बल्ब लख्ख पेटला.

"मग सॉकेट खराब आहे," खजिनदार म्हणाले.

त्यांनी बल्ब काढला, वायर गुंडाळली, पिशवीत ठेवली. सेक्रेटरी म्हणाले, "दादा, तुमचं बरोबर असेल. पण इतकी वर्षं काही झालेलं नाही ना?"

"काही झालं नाही म्हणून तर कोणी बघितलं नाही साहेब," ते म्हणाले, आणि सगळ्यांना नमस्कार करून निघाले. पाच मिनिटांतलं एक मिनिट उरलं होतं.

सप्टेंबर संपत आला तेव्हा माझा संयम संपला. त्यांना घरी बोलावलं, चहा दिला आणि सांगितलं की दिवाळीला महिना आहे, मुलगा गाडी विकायला लावणार आहे. तुम्ही आता सही करा. खड्डा सभेनंतर करू, मी स्वतः पाठपुरावा करीन, लेखी देते.

"लेखी नको मॅडम."

"मग काय हवं? तुमच्या एका सहीपायी मी माझं घर सोडायचं का?"

माझा आवाज चढला होता, हे मी लपवत नाही. ते पेल्याकडे बघत बोलू लागले, तेही एखाद्या मोटारीचा बिघाड सांगावा तसं.

"कंपनीत मी मेंटेनन्सला होतो. महिन्याला अर्थिंगचा तक्ता भरायचा असायचा. प्रत्येक मशीनचं रीडिंग घ्यायचं, सही करायची. एकदा ऑडिट होतं. सुपरवायझर म्हणाला, मागचेच आकडे टाक, सही कर, वेळ नाही. मी टाकले. पुढच्या आठवड्यात हँड ग्राइंडरवर माझ्याच गल्लीतला माणूस होता. पावसाळा, खाली ओलं. ग्राइंडर त्याच्या हातातनं सुटला नाही."

ते पुढे सांगू लागले.

"चौकशीत तक्ता दाखवला. सही होती, आकडा चांगला होता. त्यामुळं कोणाची चूक निघाली नाही. त्याची बायको अजून आमच्या समोरच्या घरात राहती. रोज दिसती. बोलती पण चांगलं. जेवला का, म्हणून विचारती."

चहा त्यांनी संपवला. पेला बेसिनमध्ये नेऊन विसळला, मी नको म्हणत असताना. दारात म्हणाले, "तुम्ही दुसरा वायरमन बघा मॅडम. सही मिळंल. मी वाईट वाटून घेणार नाही."

मी दुसरा वायरमन बघितला नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. त्या रात्री गिझर लावताना माझ्या लक्षात आलं की मी बटणाला उलटा हात लावला होता.

नंतर जे झालं त्यात माझ्या पत्रांचा वाटा नाही, बल्बचाही नाही. सेक्रेटरींच्या आई लातूरकडच्या. संध्याकाळी आम्ही दोघी बागेतल्या बाकावर बसतो. त्यांना मी ही सगळी हकिगत सांगत होते, तर त्या म्हणाल्या, "माझ्या बी हाताला मुंग्या येतेत बाई. पर मला शुगर हाय ना. वर्ष झालं, इंजेक्शन चालूय. पोरगा बिचारा दर आठवड्याला दवाखान्यात नेतो."

मी ते दुसऱ्या दिवशी फोनवर वायरमनना सहज सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "मुंग्या कधी येतात?"

मी बाकावर जाऊन विचारलं. आंघोळीचं पाणी काढताना, त्या म्हणाल्या. नळाला हात लावला की. भांडी घासताना? नाही. पोथी वाचताना? नाही. आणि बाथरूममध्ये चप्पल घातली तर? त्या विचारात पडल्या. "चप्पल घालून कोण आंघोळ करतं?"

रविवारी ते आले. सेक्रेटरी घरी होते. बाथरूममध्ये गिझर चालू करायला लावला, पायातली चप्पल बाहेर ठेवली आणि ओल्या फरशीवर उभं राहून नळाला उलट्या हाताने शिवले. हात मागे आला. फार नाही, इंचभर.

"गिझर बंद करा," ते म्हणाले. मेन स्विचही बंद करायला लावला. मग स्वतः पुन्हा नळाला हात लावून पाहिला आणि बाजूला झाले. "आता आजी, तुम्ही लावा."

आजींनी नळ धरला. सोडला. पुन्हा धरला.

"न्हाई येत," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे बघून, "अरे, न्हाईच येत की!"

"गिझर आतून लीक आहे. अर्थिंग असतं तर तिकडनं उतरला असता करंट. आता आजींमधनं उतरतोय," वायरमन म्हणाले. "शुगरचं औषध चालू ठेवा. शुगर खरी असंल. मुंग्या गिझरच्या आहेत."

सेक्रेटरी दारात उभे होते. वर्षभर दर आठवड्याला ते आईला इंजेक्शनला नेत होते. त्यांनी ना सभेचं नाव काढलं, ना ब्लॉकचं.

"माझी गाडी हलवतो," ते म्हणाले आणि किल्ली घ्यायला आत गेले.

खड्डा दोन दिवस चालला. ब्लॉक निघाले तशी खाली कापलेली पट्टी सापडली, दोन्ही टोकं गंजलेली, मध्ये हातभर अंतर. जुन्या खड्ड्यातली माती राखेसारखी कोरडी होती. नवा खड्डा दोन पुरुष खोल. मधोमध नळी, तिच्याभोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. बायका गॅलरीतून बघत होत्या. "लोणचं घालतायत जणू," एकजण म्हणाली. वायरमननी वर न बघता उत्तर दिलं, "लोणच्याला पाणी लागलेलं चालत नाही. याला रोज पाजलं तरी चालतं."

उरलेले तीन खड्डे सोसायटीने पुढच्या महिन्यात केले. खजिनदारांनी स्वतः उभं राहून करून घेतले.

पट्टी जोडून झाली, पाणी ओतून झालं. मग काळी पेटी आली. हँडल फिरलं, काटा थोडा हलला आणि सुरुवातीलाच थांबला. त्यांनी पुन्हा फिरवलं. तिसऱ्यांदा मला फिरवायला दिलं.

"वाचा मॅडम."

"शून्य पॉइंट नऊ."

"चष्मा आहे ना?"

"आहे."

त्यांनी हात धुतले, रुमालाला पुसले आणि खुर्ची मागितली. उभ्याने सही करणार नाही म्हणाले. रिपोर्ट पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला, माझ्या फ्लॅट नंबरसकट. आकडा लिहिला. मग मराठीत, संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासह, सावकाश. वीस सेकंद लागले असतील. वसुबारसेला दोन दिवस होते.

चार्जरचा दिवा हिरवा झाला. मी तुमच्या बाबांना फोन केला. ते म्हणाले, "ठीक आहे." मी तो शब्द डायरीत तारखेसह लिहून ठेवला आहे.

जाताना त्यांनी झाकणाच्या आतल्या बाजूला ऑइलपेंटने ०.९ असं लिहिलं. "दर दिवाळीला येऊन बघीन. आकडा वाढला तर कळंल. आणि आठवड्याला एक बादली पाणी. झाड समजा."

मी शनिवार ठरवला, कारण शनिवारी माझं दुसरं काही नसतं. यातून काय होईल याचा मी विचार केला नव्हता. सत्तरीची बाई दर शनिवारी सकाळी आंघोळ करून, जमिनीतल्या एका झाकणापाशी वाकून पाणी घालते, हे लोकांनी पाहिलं. दोन महिन्यांनी झाकणावर रुईच्या पानांची माळ दिसली. मग तेल. मग शेंदूर. दुसऱ्या मजल्यावरच्या एका सूनबाईंनी मला विचारलं, "काकू, हा मारुती स्वयंभू आहे का?" मी म्हटलं, हे अर्थिंग आहे. त्यांनी अदबीने मान डोलावली. पुढच्या शनिवारी नारळ होता.

पुढच्या दिवाळीला वायरमन आले आणि झाकणाकडे बघत राहिले. तेलामुळे धूळ बसून ते इतकं घट्ट झालं होतं की मला ते दर शनिवारी वॉचमनकडून उघडून घ्यावं लागे.

"मॅडम, हे थांबवा. देव झाला की झाकण कोणी उघडत नाही."

"मी सांगून पाहिलं."

"आमच्या घरी देव नाहीत. बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे. पण तुमच्या मारुतीशी माझं भांडण नाही. त्यानं फक्त वाटेत बसू नये."

मला वाटलं, आता हे सगळं झाडून टाकणार. त्यांनी माळ दोन्ही हातांनी उचलली, नारळ उचलला आणि बागेतल्या चाफ्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. तेल फडक्याने पुसलं, शेंदूर खरवडला. झाकण उघडलं, रीडिंग घेतलं, ०.९ खाली १.० लिहिलं. मग झाकणाच्या बाहेरच्या बाजूला पिवळ्या रंगात मोठ्या अक्षरांत लिहिलं: अर्थिंग. पाणी घाला. तेल नको.

तेव्हापासून अजून दोन जण पाणी घालतात. माळ चाफ्याला वाहतात. चाफ्याला काही फरक पडलेला नाही.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं, दापोडीतच, हॉलमध्ये. मी माझ्या गाडीने गेले. ही मुलगी इंजिनिअर, चाकणला गाड्यांच्या बॅटऱ्या होतात त्या कंपनीत आहे. स्टेजवर लोखंडी कमान होती, तिच्यावर दिव्यांच्या माळा. नवरा-नवरी उभे होते, फोटोग्राफर थांबला होता, आणि मुलीचा बाप पायरीवर उभा राहून कमानीला उलट्या हाताने शिवत होता. आधी डावा खांब, मग उजवा.

"बाबा, या की वर!" मुलगी म्हणाली.

"आलो. डावीकडचा बरा आहे. उजवीकडं टेकू नका."

जावई सगळे फोटो डावीकडे सरकून काढून घेत होता. मला तो आवडला.

तिसऱ्या दिवाळीला ते आले तेव्हा जिन्यापाशी दम खाण्यासाठी थांबले. मी विचारलं तर म्हणाले, "तुमच्या लिफ्टला अर्थिंग आहे आता. पुढच्या वेळी लिफ्टनं येईन." त्या दिवशीही रीडिंग १.०.

या दिवाळीला ते आले नाहीत. मी चार दिवस वाट पाहिली आणि फोन केला. मुलीने उचलला. "मावशी, बाबा गेले. महिना झाला. सकाळी बसल्या बसल्या." त्यांच्या फोनमध्ये माझं नाव 'रावेत अर्थिंग मॅडम' असं होतं, असंही ती म्हणाली.

मी दापोडीला गेले. गल्ली अरुंद आहे, गाडी मेन रोडला लावून चालत गेले. घर दोन खोल्यांचं, भिंतीवरची प्रत्येक वायर पट्टीत सरळ ओळीत ठोकलेली. मुलगी बोलत होती, मी ऐकत होते. चहा घेऊन समोरच्या घरातल्या एक बाई आल्या. पासष्टीच्या असतील, पांढरे केस घट्ट बांधलेले. चहा माझ्या हातात देऊन त्यांनी विचारलं, "जेवलात का? लांबनं आलात."

मी हो म्हटलं. जेवले नव्हते. त्या तिथेच भिंतीला टेकून बसल्या आणि मुलीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

पुढच्या रविवारी मुलगी शिफ्ट संपवून चाकणहून थेट माझ्याकडे आली. डिकीत काळी पेटी होती. झाकण उघडण्यापूर्वी तिने खिशातून टेस्टर काढून लावला. मी म्हटलं, तुझे बाबा उलटा हात लावायचे.

"शंभर वेळा सांगितलं त्यांना, हातात टेस्टर आहे तर तो वापरा. ऐकायचेच नाहीत," ती म्हणाली, आणि मग थोडा वेळ हँडलच फिरवत राहिली, काटा केव्हाच स्थिर झाला होता तरी.

सेक्रेटरींच्या आई बाकावरून उठून बघायला आल्या होत्या. मी आतून ऑइलपेंटची डबी आणली. ती तीन वर्षं माझ्याकडेच आहे.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तिथे झाड नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला चार आकडे आहेत: तीन त्यांच्या अक्षरात, चौथा त्यांच्या मुलीच्या. चौथा १.१ आहे. त्यांना तो चालला असता.